बटण बडवून दम लागतो, दम राखता येत नाही

ज्यांचे हेडफोन सापडत नाहीत, किंवा एसटीत शेजारच्या काकांच्या मोबाइलवर फुल आवाजात रील चालू आहेत, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

वाचायच्या आधी एक छोटं काम करा. मोबाइलवर दहा सेकंदांचा टायमर लावा. एका हाताचं एकच बोट टेबलावर ठेवा आणि टायमर संपेपर्यंत जमेल तितक्या जोरात टकटक करा. मोजत राहा. झालं? बहुतेकांचा आकडा पन्नासच्या आसपास येतो. कोणाचा पंचेचाळीस, कोणाचा साठ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं त्याची गरज पडणार आहे.

आजचा विषय आहे बटण बडवायचे गेम. म्हणजे ते ऑलिंपिकवाले गेम, ज्यात पळायचं म्हणजे एकच बटण धडाधड दाबत सुटायचं. ते एवढे मजेशीर का वाटतात? दोन दिवसांत कंटाळा का येतो? आणि खऱ्या मैदानाबद्दल ते आपल्याला काय चुकीचं शिकवतात?

अकोल्याची दुपार

आमचं घर अमरावतीला, मामाचं घर अकोल्याला. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की बडनेऱ्याहून गाडी पकडायची, मूर्तिजापूर गेलं की सामान आवरायला घ्यायचं, आणि अकोल्याला उतरलं की गरम वाऱ्याची पहिली झापड तोंडावर खायची. मे महिन्यात अकोला म्हणजे पंचेचाळीस अंशांचा मामला. अकरानंतर बाहेर पाय ठेवला तर मामीची आरोळी यायची, "कुठं चालला बे? ऊन लागून जाईन!"

मग काय, कूलरसमोर सतरंजी आणि टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जपानी कंपनीच्या मूळ यंत्राची ती स्वस्तातली नक्कल असायची. वरून कॅसेट खोचायची, बहुतेक वेळा पिवळी. कॅसेटवर छापलेलं असायचं ९९९९ गेम. प्रत्यक्षात असायचे पंधरा-वीस, तेच परत परत वेगळ्या नावानं. गेम चालू झाला नाही तर कॅसेट काढून तिच्यात फुंकायचं. त्यानं खरंच काही व्हायचं की नाही माहीत नाही, पण फुंकल्याशिवाय चैन पडायचं नाही.

मारिओ एकट्याचा, कॉन्ट्रा दोघांचा, रणगाड्यांचा गेम भांडणाचा. पण सगळं घर जमायचं ते ऑलिंपिकच्या गेमला. त्यात माझा मामेभाऊ राजा होता. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. तो रिमोट मांडीवर आडवा ठेवायचा, उजवा हात ताठ करायचा आणि बटणावर असा काही थरथरवायचा की बोट दिसायचंच नाही. पडद्यावरचा मिशीवाला गडी सुसाट. मी आपला अंगठ्यानं टुकटुक करतोय, माझा गडी मागं लंगडतोय.

"मले बी शिकव ना दादा."

"त्यात शिकवाचं काय हाय? हात कडक कर अन् बडव. बस."

तो जिंकणार आणि तेवढ्यात लाइट जाणार, हे ठरलेलं. त्या काळातलं विदर्भातलं लोडशेडिंग तुमच्या आईवडिलांना विचारा. कित्येक विश्वविक्रम आमच्या घरी असेच अंधारात गेले.

हे गेम आले कुठून?

या सगळ्या गेमांचा बाप १९८३ साली जपानच्या कोनामी कंपनीनं काढला. जपानमध्ये नाव होतं 'हायपर ऑलिंपिक', बाकी जगात 'ट्रॅक अँड फील्ड'. नाणं टाकून खेळायचं मोठं यंत्र होतं ते. सहा प्रकार होते: १०० मीटर धावणं, लांब उडी, भालाफेक, ११० मीटर अडथळे, हातोडाफेक आणि उंच उडी. बटणं फक्त तीन. दोन पळायची, एक उडी मारायची किंवा फेकायची. पळायची दोन बटणं आलटून पालटून जितकी वेगानं दाबाल तितका तुमचा खेळाडू वेगानं पळणार. नियम संपले.

त्याच वर्षी अमेरिकेत अ‍ॅक्टिव्हिजन कंपनीनं दहा खेळांचा 'डिकॅथलॉन' आणला. त्यात बटणाऐवजी जॉयस्टिक डावीउजवीकडं गदागदा हलवायची होती. १९८४ मध्ये इंग्लंडमधल्या ओशन कंपनीनं डेली थॉम्पसनच्या नावानं असाच गेम काढला. हा थॉम्पसन १९८० आणि १९८४ अशी दोन्ही ऑलिंपिकं जिंकलेला खरा डिकॅथलॉनपटू. त्याच्या गेमची ख्याती मात्र वेगळ्याच कारणानं झाली: तिकडच्या पोरांच्या जॉयस्टिक त्यानं मोडून काढल्या.

कोनामीचा गेम पुढं घरगुती यंत्रावर आला, आणि त्याच्या नकलांच्या नकला फिरत फिरत आपल्याकडच्या कॅसेटमध्ये. घरच्या रिमोटवर काम आणखी सोपं झालं. एक बटण पळायला, एक उडीला.

एवढी मजा का येते?

पहिलं कारण, शिकावं लागत नाही. कॉन्ट्रा खेळायला सराव लागतो. हा गेम माझ्या आजीला अर्ध्या मिनिटात समजला होता. रिमोट हातात दिला, म्हटलं आजी हे दाब, ती दाबत सुटली. तिचा गडी पळाला. ती हसून हसून खोकायला लागली. भाषा नको, वाचता यायला नको, वयाची अट नको.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बहुतेक खेळांच्या गेममध्ये तुमच्या शरीराला काहीच करावं लागत नाही. क्रिकेटच्या गेममध्ये एक बटण दाबलं की षटकार. तो षटकार तुमचा नसतोच, आत लिहिलेल्या प्रोग्रामचा असतो. इथं मात्र तुमचा हात खरोखर दुखतो. शेवटच्या वीस मीटरला दंडापर्यंत कळ येते, दात आवळले जातात, श्वास कधी थांबला ते कळत नाही. पडद्यावरचा गडी अजिबात थकत नाही, थकता तुम्ही. म्हणून जिंकल्यावर जी आरोळी निघते ती खरी असते. सतरंजीवर बसून खेळाडूच्या शेवटच्या क्षणाची चव देणारे गेम फार थोडे, त्यातला हा एक.

तिसरं, बघणाऱ्यांची मजा. दहा सेकंदांची शर्यत, लगेच निकाल, लगेच पुढचा नंबर. ज्याचा हात चालत नाही तो आरडाओरडा करतो. चार जणांत एकच रिमोट असला तरी कोणी बोअर होत नाही. आजच्या भाषेत पार्टी गेम.

चौथी गोष्ट सहज लक्षात येत नाही. मूळ गेम नुसता बडवायचा नव्हता. लांब उडी घ्या. धावताना बडवायचं, पण पांढरी पट्टी आली की त्याच क्षणी बडवणं सोडून उडीचं बटण दाबायचं. पाव सेकंद उशीर झाला की फाऊल. शिवाय ते बटण किती वेळ दाबून धरलं यावर उडीचा कोन ठरणार. म्हणजे हात पिसाळलेला, आणि डोकं मात्र थंड. भालाफेक, अडथळे, दोन्हीकडं तेच. सर्वांत वेगानं बडवणारा नेहमी जिंकत नसे. वेगानं बडवून नेमका थांबणारा जिंकत असे. दादा १०० मीटरला राजा होता, पण लांब उडीत त्याचे तीनही प्रयत्न बरेचदा फाऊल. "थांबताच येत नाही ना बावा एकदा सुटलो की," असं तो स्वतःच म्हणायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

टर्बो बटणानं केलेला घात

आता उणिवांकडं वळू. पहिली उणीव आमच्या रिमोटवरच होती. त्या नकली यंत्रांच्या रिमोटवर नेहमीच्या दोन बटणांच्या वर आणखी दोन बटणं असायची, टर्बो. ते नुसतं दाबून धरलं की यंत्र आपोआप टकटकटकटक सिग्नल पाठवणार. कोणीही माणूस बोटानं गाठू शकणार नाही असा वेग.

ज्या दिवशी मला त्याचा शोध लागला त्या दिवशी मी दादाला १०० मीटरला हरवलं. एका बोटानं, न थकता. दादानं रिमोट पाहिला, माझं बोट पाहिलं, आणि काही न बोलता उठून गेला. मी एकटाच बसून चार-पाच विक्रम मोडले. कंटाळा आला आणि टीव्ही बंद केला.

या गेमचा सगळा दोष त्या दुपारी उघडा पडला होता. बुद्धिबळात कॉम्प्युटर माणसाला हरवतो, तरी माणसं बुद्धिबळ खेळतात, कारण त्यात विचार करायला भरपूर शिल्लक राहतं. इथं बडवणं यंत्राकडं दिलं की फार थोडं उरतं. १०० मीटरमध्ये तर काहीच नाही. सगळी गंमत तुमच्या दुखणाऱ्या हातात होती. टर्बोनं दुखणं काढून घेतलं आणि गेमही सोबत नेला.

टर्बो नसतानाही लोक पळवाटा काढायचे. कोणी पट्टीचं टोक बटणावर थरथरवायचं, कोणी शिसपेन बोटांत अडकवून सी-सॉसारखी नाचवायचं, कोणी नखानं बटण खरवडायचं. म्हणजे शर्यत धावण्याची राहायची नाही, जुगाडाची व्हायची.

हाताचं काय?

दुसरी उणीव, हातांची वाट. हे मी गमतीनं सांगत नाहीये. निन्टेंडोच्या १९९८ सालच्या 'मारिओ पार्टी' गेममध्ये काही खेळ असे होते की रिमोटवरची दांडी गरागरा फिरवायची. पोरं तळहातानं ती फिरवायला लागली आणि तळहाताची सालं निघाली, फोड आले. तक्रारी न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी वकिलाच्या कार्यालयापर्यंत गेल्या, आणि २००० साली कंपनीला खेळणाऱ्यांसाठी हातमोजे देण्याचं कबूल करावं लागलं. व्हिडिओ गेम खेळायला हातमोजे!

म्हणून एक साधी गोष्ट सांगतो. असा गेम खेळताना मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर थांबा. दम लागणं ठीक आहे. सांधा दुखणं ठीक नाही. दोन्हींतला फरक ओळखायला शिका, मैदानावरसुद्धा तोच कामी येतो.

बोल्टची ४१ पावलं

आता सुरुवातीचा आकडा काढा. दहा सेकंदांत एका बोटानं साधारण पन्नास टकटक. दोन हात आलटून पालटून लावले तर आकडा आणखी बराच वर जातो.

उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारले. आजवरचा विश्वविक्रम. त्यानं किती पावलं टाकली? ४१. सेकंदाला साधारण सव्वाचार. म्हणजे तुमच्या एका बोटानं जगातल्या सर्वांत वेगवान माणसाच्या पायांना आत्ताच मागं टाकलं. अभिनंदन!

मग बोल्ट एवढा वेगवान कसा? १०० भागिले ४१, एक पाऊल सरासरी २ मीटर ४४ सेंटिमीटरचं. आपल्या घराच्या दरवाज्याच्या उंचीपेक्षाही मोठं. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कमी-जास्त वेगाच्या माणसांना ट्रेडमिलवर पळवून मोजमाप केलं. निष्कर्ष असा निघाला की मागचा पाय हवेतून पुढं आणायला वेगवान आणि हळू पळणाऱ्याला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. खरा फरक पडतो तो पाय जमिनीला टेकतो त्या अगदी छोट्या क्षणात जमिनीला किती जोरानं रेटा दिला यात.

गेम सांगतो, जोरात पळायचं म्हणजे जास्त वेळा हालचाल करायची. मैदान सांगतं, जोरात पळायचं म्हणजे प्रत्येक पावलात जास्त ताकद लावायची. नवीन पोरगं मैदानावर आलं की पाय लई भरभर टाकतं, खांदे कानाला लावतं, मुठी आवळतं. आणि कोच पहिली सूचना देतात, "अंग सैल सोड." बटण बडवताना आपण नेमकं उलटं करतो, अंग कडक.

पंचेचाळीस अंशांची गोष्ट

तिसरी चूक कोनाची. या गेमांमध्ये भाला आणि लांब उडी दोन्हीला ४५ अंशांच्या आसपास कोन धरला की सर्वांत लांब जाता येतं. शाळेतल्या फिजिक्सच्या पुस्तकातही हेच आहे, म्हणून आपल्याला पटतं. मात्र पुस्तकातल्या चेंडूला हवा लागत नाही, आणि कोणत्याही कोनात त्याचा वेग तोच राहतो असं धरलेलं असतं.

माणसाचं तसं नाही. भालाफेकपटू भाला जेवढा वर रोखून फेकेल तेवढा त्याचा जोर कमी होतो. शिवाय भाला हवेवर थोडा तरंगतो. त्यामुळं नीरज चोप्रासारखे खेळाडू भाला सोडतात तो तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान. लांब उडीत फरक आणखी मोठा. चांगला उडीपटू सेकंदाला नऊ-दहा मीटर वेगानं धावत येतो. ४५ अंशांत उडायचं तर तेवढाच वेग वरच्या दिशेनंही लागेल, आणि पाय फळीवर असतो सेकंदाच्या जेमतेम आठव्या भागापुरता. तेवढ्यात एवढं वर उचललं जाणं माणसाला शक्य नाही. म्हणून खरी उडी वीस-बावीस अंशांची असते. टीव्हीवर पुढच्या वेळी बघा, लांब उडी वर जाण्यापेक्षा सपाट जास्त वाटते.

पहिल्या राउंडला राजा

आता ज्या गोष्टीसाठी हा भाग करायला घेतला ती सांगतो.

अमरावती असो की अकोला, पहाटे पाचला कोणत्याही मैदानावर जा. अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतील. पोलीस भरतीची तयारी. शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. सर्वांत जास्त गुण, २०, लांब पळण्याला. मुलांना १६०० मीटरला पैकीच्या पैकी हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं.

दादानंही भरती दिली. मी सोबत गेलो होतो, पाणी आणि केळी सांभाळायला. शिट्टी वाजली आणि दादा सुटला तो रिमोट बडवायचा तसाच. पहिल्या राउंडला सगळ्यांच्या पुढं. मी ओरडून ओरडून घसा बसवला. दुसऱ्या राउंडला दोघं पुढं गेले. तिसऱ्याला दादाचे पाय असे झाले की जणू कोणी चिखलात रोवलेत. चौथ्या राउंडला मी ओरडणं बंद केलं. शेवटच्या यादीत त्याचं नाव थोडक्यासाठी आलं नाही. गाडीत बसल्यावर मूर्तिजापूर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "थांबताच येत नाही बावा, एकदा सुटलो की."

तो गेममुळं हरला असं मी म्हणत नाही. नीट सराव नव्हता, सांगणारं कोणी नव्हतं. पण शर्यत कशी असते याचं आमच्या दोघांच्या डोक्यातलं चित्र त्या पिवळ्या कॅसेटमधून आलं होतं, हे खरं आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं ओतायचं, थकलो तर आणखी जोरात ओतायचं.

शरीराचा हिशोब वेगळा असतो. पूर्ण ताकदीनं पळताना स्नायू ऑक्सिजनची वाट पाहत नाहीत, साठवलेली ऊर्जा उधळतात. हा साठा थोड्या वेळाचा. मग स्नायूंमध्ये आम्लता वाढते, पाय जड होतात आणि श्वास कितीही घेतला तरी पुरत नाही. १०० मीटरला ही उधळपट्टी चालते, कारण कर्ज फेडायच्या आत शर्यत संपते. १६०० मीटरला कर्ज दुसऱ्या राउंडलाच दारात येऊन उभं राहतं.

आकडे बघा. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. ४०० मीटरचे चार राउंड, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंद. पहिला राउंड ६५ मध्ये मारला तर टाळ्या मिळतात, गुण मिळत नाहीत. पहिला ७७-७८ मध्ये मारणारं पोरगं सुरुवातीला मागं दिसतं, आणि तेच चौथ्या राउंडला एकेकाला ओलांडत जातं. आपल्या बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे बघा. २०२४ मध्ये पॅरिसला त्यानं ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पूर्ण केली. २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या धरून प्रत्येक किलोमीटर सरासरी २ मिनिटं ४३ सेकंदांत. ही कामगिरी बटण बडवून दाखवताच येणार नाही, कारण तिच्यातलं अर्धं कौशल्य न बडवण्यात आहे.

आपल्या भाषेत दम या शब्दाची गंमत आहे. दम लागतो, दम निघतो, दम धरावा लागतो, दम राखावा लागतो. बटणाच्या गेमला दम लागणं माहीत आहे. दम राखणं त्याला माहीतच नाही.

अमरावतीचा खेळ आणि एक श्वास

दम राखायचा खेळ कोणता, तर कबड्डी. एका श्वासात समोरच्यांच्या हद्दीत जायचं, जमलं तर गडी मारायचा, आणि श्वास तुटायच्या आत परत यायचं. हाच खेळ अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं ऑलिंपिकपर्यंत नेला होता. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. ज्या बर्लिनमध्ये जेसी ओवेन्सनं चार सुवर्णपदकं घेतली, त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीची पोरं कबड्डी खेळली.

आता विचार करा, कबड्डीचा गेम बनवायचा तर बटण बडवून कसं चालेल? तिथं हवं उलटं. जितकं जास्त दाबाल तितका श्वास लवकर संपेल. घाई केली की गेलात.

असे उलटे प्रयोग झालेतही. २००८ मध्ये बेनेट फॉडी नावाच्या माणसानं 'क्वॉप' नावाचा फुकटचा गेम काढला. त्यात १०० मीटर धावायचं आहे, पण चार बटणं खेळाडूच्या मांड्या आणि पोटऱ्या वेगवेगळ्या हलवतात. बडवायला गेलात की गडी पहिल्याच मीटरला तोंडावर पडतो. चालणं किती अवघड काम आहे हे दहा मिनिटांत कळतं. हसून पोट दुखतं ते वेगळं. बटण बडवणाऱ्या गेमनं जे सगळं लपवलं, ते या गेमनं उघडं करून दाखवलं.

मोबाइलवर काय उरलं?

तुम्ही बहुतेक जण हे गेम मोबाइलवरच खेळणार, म्हणून थोडं त्याबद्दल. काचेवर बटण नसतं. बोटाला खटका जाणवत नाही, त्यामुळं टच लागला की नाही हे डोळ्यांनी बघावं लागतं आणि लय बिघडते. ऑटो-क्लिकरचं अ‍ॅप म्हणजे आमच्या टर्बोचाच नातू.

पण माझी खरी तक्रार दुसरी आहे. आजचे बरेच टॅप-टॅप गेम तुम्हाला थकवतच नाहीत. टॅप करा, आकडा वाढतो. थांबा, तरी वाढतो. जाहिरात बघा, दुप्पट वाढतो. पैसे भरा, दहापट वाढतो. जुन्या गेममध्ये मर्यादा तुमच्या दंडाची होती आणि ती सगळ्यांना सारखी लागू होती. इथं मर्यादा पाकिटाची. हात दुखून थांबायचो आम्ही. यात थांबायचं कारणच मिळत नाही.

म्हणून माझं मत असं: जुना बटण बडवायचा ऑलिंपिक गेम आजही खेळा, पण चौघं मिळून, समोरासमोर, अर्धा तास. एकट्यानं खेळायचा तो गेमच नाही. आणि त्यातून पळणं शिकायला जाऊ नका.

जाता जाता

दादा आता एका दुकानात काम करतो. भरतीचं वय गेलं. पण रोज पहाटे मैदानावर जातो. गल्लीतली चार-पाच पोरं भरतीची तयारी करतात, त्यांच्यासाठी हातात मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो. मागच्या महिन्यात मी अकोल्याला गेलो तेव्हा सोबत गेलो. पहिल्या राउंडला एक पोरगं सगळ्यांच्या पुढं सुसाट निघालं.

दादा कडेवरून ओरडला, "हळू बे! काऊन मरून राहिला आताच? अठ्ठ्याहत्तर पाह्यजे मले, अठ्ठ्याहत्तर!"

पोरगं नाराज होऊन हळू झालं. चौथ्या राउंडला ते एकटंच हसत होतं.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. दहा सेकंदांचा टकटक आकडा आणि तुमच्या एका राउंडचा वेळ, दोन्ही आम्हाला लिहून पाठवा. भरतीची तयारी करणारे असाल तर चारही राउंडचे वेळ वेगवेगळे लिहा. पहिल्या आणि चौथ्या राउंडमध्ये ज्याचा फरक सर्वांत कमी, त्याचं नाव पुढच्या भागात. ऊन वाढलंय, पळायला पहाटेच जा, पाणी सोबत ठेवा. भेटू पुढच्या शनिवारी. रामराम!